शेवट नसलेली गच्ची: तोक्योतल्या फुजी बालवाडीचं प्रकरण

तोक्यो महानगराच्या पश्चिम भागात ताचिकावा नावाचं शहर आहे. तिथे २००७ साली फुजी बालवाडीची नवी इमारत उभी राहिली. एकमजली, लंबगोल, मधे मोठं अंगण आणि वर सलग लाकडी गच्ची. गच्चीतून केयाकी या जपानी वृक्षाची तीन जुनी झाडं वर आलेली, आणि त्यांच्याभोवती पळणारी शेकडो मुलं. हा फोटो जगभर फिरला. आपल्याकडे नवी शाळा बांधायला निघालेल्या विश्वस्तांच्या मोबाइलमध्येही तो सापडतो. बैठकीत फोन पुढे सरकतो आणि वाक्य येतं, "आपल्याला असं गोल करता येईल का?"

गोल कुणीही करून देईल, कंत्राटदाराला त्यात फारसं काही नाही. या इमारतीत अवघड होतं ते तिच्या मुख्याध्यापकाने अंगावर घेतलेलं: आवाज, चिखल, पळून जाणारी मुलं, खरचटलेले गुडघे. ही यादी आधी मान्य झाली, म्हणून तशी इमारत होऊ शकली. फोटोत ही यादी दिसत नाही, म्हणून हे प्रकरण जरा सविस्तर मांडावंसं वाटलं.

काय हवं होतं

फुजी ही खाजगी संस्था. जपानमध्ये अशा बालवाडीला योचिएन म्हणतात आणि तिथे साधारण तीन ते सहा वर्षांची मुलं असतात. शिकवण्याची पद्धत माँटेसोरी. पटावर पाचशेहून जास्त मुलं, म्हणजे एका बालवाडीच्या मानाने प्रचंड. जुनी इमारत बदलायची वेळ आली तेव्हा मुख्याध्यापक कातो सेकिइची यांनी काशिवा सातो यांना गाठलं. सातो हे वास्तुकार नव्हेत. ते बोधचिन्हं आणि एकूण दृश्य ओळख घडवणारे डिझायनर, युनिक्लो या जपानी कपड्यांच्या कंपनीचं आजचं बोधचिन्ह त्यांचंच. त्यांनी कल्पना मांडली ती अशी की बालवाडीत खेळणी आणून ठेवण्यापेक्षा इमारतच एक भलंमोठं खेळणं व्हावी. मग या कामासाठी तेझुका ताकाहारू आणि तेझुका यूई हे वास्तुकार दांपत्य आलं.

या दोघांची निवड का झाली ते त्यांच्या आधीच्या एका कामावरून कळतं. २००१ साली त्यांनी कानागावा प्रांतात हादानो इथे एका कुटुंबासाठी घर बांधलं होतं. त्या कुटुंबाला छपरावर बसून जेवायची सवय होती. तेझुकांनी ती सवय तशीच उचलली: उतरतं लाकडी छप्पर, त्यावर टेबल, बाकं, छोटा ओटा, अंघोळीचा फवारासुद्धा, आणि घरातल्या खोल्यांमधून वर यायला झरोके. लोक आधीच काय करतात ते पाहायचं आणि त्याला जागा करून द्यायची, ही त्यांची रीत. बालवाडीच्या बाबतीत पाहण्यासारखं उघड होतं. लहान मूल गोल गोल पळतं. टेबलाभोवती, खांबाभोवती, आजोबांच्या खुर्चीभोवती. त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

आकाराला आणखी एक व्यावहारिक कारण आहे, त्याची चर्चा कमी होते. पाचशे मुलं एकाच मजल्यावर ठेवायची, कुणालाही जिना चढून वर्गात जावं लागू नये असं ठरवलं, की इमारत लांबच लांब होते. सरळ रेषेत ती लांबी लांबलचक व्हरांडा होऊन बसते; एका टोकाच्या वर्गाला दुसरं टोक परकं. तीच पट्टी वळवून टोकाला टोक जोडलं की प्रत्येक वर्गाला अंगण सारख्याच अंतरावर येतं आणि अंगणात उभ्या माणसाला सगळे वर्ग दिसतात. पुण्या-साताऱ्याकडच्या वाड्यातला चौक पाहिलेल्या माणसाला हे नवं वाटणार नाही. फरक इतकाच की वाड्यात चौकाभोवती कोपरे असतात आणि कोपऱ्यात मोठ्यांचं राज्य असतं. इथे कोपरा नाही, मागचा बाक नाही, आणि एखाद्याला गाठून छळावं अशी आडोशाची जागाही नाही.

लंबगोल भूमितीतला अचूक नाही, हेही मुद्दाम. तो हाताने काढलेला आहे आणि बांधताना सुबक केलेला नाही. गच्चीच्या बाहेरच्या कडेचा घेर १८३ मीटर, आतल्या कडेचा १०८.

गच्ची, जाळी आणि कठडा

आतल्या बाजूला छताची उंची फक्त २.१ मीटर आहे, म्हणजे जेमतेम सात फूट. आपल्याकडे शाळेच्या खोलीला दहा-अकरा फूट उंची धरायची सवय, त्यामुळे हा आकडा ऐकून पहिल्यांदा कोंदट वाटतं. पण तीन बाजूंनी बंद खोलीतले सात फूट आणि पूर्ण उघडणाऱ्या सरकत्या दरवाजांमागचे सात फूट यात फरक पडतो. कमी उंचीचा खरा फायदा वर दिसतो: गच्चीवरचं मूल आणि अंगणातली शिक्षिका एकमेकांशी ओरडल्याशिवाय बोलू शकतात. गच्ची अंगणाकडे किंचित उतरती आहे, त्यामुळे वर काय चाललंय ते खालून कळतं. छतात ठिकठिकाणी झरोके आहेत. वरची मुलं त्यांना नाक लावून खालच्या वर्गात डोकावतात, खालची वर बघतात. एखादी ताई याला व्यत्यय म्हणेल. कातो म्हणाले नाहीत.

कठड्याची गोष्ट तेझुका ताकाहारू यांनी २०१४ सालच्या टेड व्याख्यानात सांगितली आहे आणि ती सगळ्या प्रकरणाची किल्ली आहे. मुख्याध्यापकांना गच्चीला कठडा नकोच होता. वास्तुकार म्हणाले, हे शक्य नाही. त्यावर तोडगा निघाला की कडेबाहेर जाळी पसरावी, मूल पडलं तर जाळीत पडेल. सरकारी बांधकाम खात्याने अर्थातच कठडा लावायला लावला. पण जाळीची कल्पना वाया गेली नाही, ती झाडांपाशी गेली. झाडं जिथून वर येतात तिथे छताला मोठी भोकं आहेत, त्या भोकांत दोरीचं जाळं ताणलं आहे, आणि नियमाच्या भाषेत ते संरक्षण म्हणून मान्य झालं. मुलांनी पहिल्या दिवसापासून त्याचा झोपाळा केला. फांद्यांवर, जाळ्यात, बुंध्याभोवती मुलं लोंबकळत असतात.

कठडा लावावा लागला तो उभ्या गजांचा. दोन गजांमध्ये फट आहे ती मुलाचं डोकं जाणार नाही अशी, पण पाय आरामात जातात. काही कार्यक्रम असला की अख्खी शाळा कडेने बसते, गजांतून पाय खाली सोडून, अंगणाकडे तोंड करून. प्रेक्षागृहाचा खर्च वाचला असं कुणी म्हटलं तर ते खोटं नाही.

मला यात नियमाशी वागण्याची पद्धत आवडते. आपल्याकडे नियम आला की दोनच वाटा दिसतात. एक म्हणजे निमूट भिंत बांधायची, दुसरी म्हणजे कागदावर एक दाखवून जागेवर दुसरं करायचं. इथे नियम जिथे हटवता आला नाही तिथे त्यालाच बसायची जागा करून घेतली.

गैरसोयीचं नियोजन

नळ हे त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. वर्गांच्या लगत, विहिरीच्या काठासारख्या मांडणीत नळ आहेत आणि मुलं त्यांच्याभोवती जमतात. जपानीत विहिरीकाठच्या बायकांच्या गप्पांना खास शब्दप्रयोग आहे, आपल्याकडे पाणवठ्यावरच्या गप्पा असतात तसाच. नळाखाली पाणी झेलायला भांडं नाही. नळ जास्त सोडला की पाणी खाली आपटून स्वतःचेच पाय भिजवतं. हात पुढे केला की आपोआप वाहणारा नळ मुद्दाम टाळला आहे. दिवेही तसेच: उघडे बल्ब आणि ओढायच्या दोऱ्या. दोरी ओढली की कुठला दिवा लागला ते मुलाला दिसतं. सरकता दरवाजा नीट ओढून घेतला नाही तर फट राहते, थंडीत वारा आत येतो आणि बाजूचा मित्र ओरडतो. शिक्षिकेने दार लावायला सांगण्याची गरज उरत नाही.

पावसाचं पाणी पाइपातून गुपचूप गटारात जात नाही. गच्चीच्या आतल्या कडेला बाहेर काढलेल्या तोट्यांतून ते धारेने अंगणात पडतं. मुलं धारेखाली बादल्या ठेवतात, भरली की ओततात, पुन्हा ठेवतात. गच्चीवर जायला जिने आहेत, आणि एके ठिकाणी मातीचा ढीग आहे, त्यावरून चढता येतं. उतरायला घसरगुंडी.

वर्गांमध्ये भिंती नाहीत. सामान आहे ते किरीच्या लाकडाचं. किरी हे जपानमधलं अतिशय हलकं लाकूड, तिथे पूर्वी मुलीच्या लग्नात कपड्यांची पेटी याच लाकडाची देत. त्याच्या कडा गोल केलेल्या पेट्या मुलांना स्वतःला उचलता येतात. त्या रचून दप्तराचा कप्पा होतो, बैठक होते, दोन वर्गांमधली कमरेइतकी आडभिंत होते, आणि दुपारपर्यंत आगगाडीही होते. वर्षातले बरेच महिने दरवाजे उघडेच असतात, त्यामुळे आत आणि बाहेर असा भेद राहत नाही. जमिनीची पातळीही जवळपास एकच.

मग वर्गातून उठून जाणाऱ्या मुलाचं काय? प्रत्येक बालवाडीत असा एक तरी असतो. फुजीत त्याला जाऊ देतात. इमारतीच्या गोलाने चालत राहिला की तो फिरून आपल्याच वर्गाशी येतो. वाटेत त्याने दुसऱ्या वर्गात काय चाललंय ते पाहिलेलं असतं. हे ऐकायला गमतीचं आहे, पण यासाठी फिरून जागेवर आणणारी इमारत, नजरेच्या टप्प्यात सगळं अंगण आणि न रागावणारी शिक्षिका, हे तिन्ही एकत्र लागतं. यातलं तिसरं नकाशावर काढता येत नाही.

आवाजाबद्दल माझी शंका

एवढी मुलं, भिंती नाहीत, म्हणजे आवाज असणारच. तेझुकांचं म्हणणं आहे की मुलांना शांत पेटीत कोंबलं तर काही मुलं उलट अस्वस्थ होतात. सततचा पार्श्वभूमीचा आवाज हा जंगलासारखा, माणसाच्या सवयीचा असतो, आणि अशा आवाजात मुलं छान एकाग्र होतात. हे त्यांचं निरीक्षण आहे. ते खोटं आहे असं म्हणायला माझ्याकडे काही नाही, पण सगळ्या मुलांना ते लागू आहे असंही मी मानणार नाही. कमी ऐकू येणाऱ्या, किंवा आवाजाने बिथरणाऱ्या मुलाला त्या गलक्यात काय वाटतं हा प्रश्न इमारतीच्या कौतुकात बुडून जातो. माझ्या मते अशा इमारतीत एखादी दार लावता येणारी, मऊ पृष्ठभागांची छोटी खोली हवीच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, कारण तिथे आपली हमखास फसगत होते. फुजीतला आवाज बाहेर निघून जातो. दोन्ही बाजू उघड्या, मधे अंगण, वर आकाश. आपल्या शाळा म्हणजे सिमेंटचा गिलावा, वर स्लॅब, खाली फरशी. या खोकीत आवाज आपटून परत येतो. अशा इमारतीतल्या दोन वर्गांमधली भिंत पाडून कुणी 'मुक्त वर्ग' केला तर मुक्त होतो तो फक्त गोंगाट. जिल्हा परिषदेच्या शाळेत एका खोलीत दोन इयत्ता बसवून शिकवणाऱ्या कुठल्याही गुरुजींना विचारा. भिंत काढायची असेल तर आधी बाहेरची बाजू उघडावी लागते, आणि तेही जमत नसेल तर छताला निदान काही आवाज शोषणारं लावावं लागतं.

पळण्याच्या आकड्यांबद्दलही थोडं. तेझुका सांगतात की या बालवाडीतलं मूल सरासरी चार किलोमीटर फिरतं, एका मुलाने तर एका सकाळीच सहा किलोमीटर केले. गच्चीच्या आतल्या कडेने मोजलं तर चार किलोमीटर म्हणजे सदतीस फेऱ्या. आकडा अशक्य नाही, आणि पळायला शेवट नसेल तर मूल थांबणार तरी कशाला. तरी हे वास्तुकाराने आपल्याच इमारतीबद्दल सांगितलेलं आहे, आणि ते तसंच वाचावं.

बाहेरच्यांनी दिलेली पावतीही आहे: २००८ साली जपानच्या वास्तुशास्त्र संस्थेचा पुरस्कार, आणि २०१७ साली कॅनडाचा मोरियामा पुरस्कार, एक लाख कॅनेडियन डॉलरचा. इमारत दहा वर्षं वापरली गेल्यावर मिळालेला पुरस्कार मला उद्घाटनाच्या वर्षीच्या पुरस्कारापेक्षा जास्त सांगून जातो. दहा वर्षं रोज पाचशे मुलांनी वापरलेली लाकडी गच्ची टिकली आहे, म्हणजे कुणीतरी तिच्या फळ्या वेळेवर बदलल्या आहेत, खिळे तपासले आहेत, कुसळं घासली आहेत.

मधे २०११ साली शेजारीच आणखी एक छोटी इमारत झाली. एका जुन्या केयाकीभोवती गुंडाळलेली काच आणि पायऱ्या. हे झाड एकदा वादळात उन्मळून पडलं होतं आणि तरी जगलं. आत इंग्रजीचे वर्ग भरतात आणि मुलं शाळेच्या बसची वाट पाहतात. तिथे मजल्यांची उंची इतकी कमी-जास्त आहे की काही जागांत मोठ्या माणसाला रांगतच जावं लागतं. मुख्य इमारतीत धीराने घेतलेले निर्णय इथे जरा खेळकर होऊन आले आहेत. मुख्याध्यापक आणि वास्तुकार पुन्हा एकत्र आले, यावरून पहिल्या कामाचा अनुभव कसा होता ते कळतं.

आपल्याकडे आणायचं तर

गोल गच्ची जशीच्या तशी आणायला माझा विरोध आहे, आणि त्याची कारणं हवामानापासून सुरू होतात. तोक्योत वर्षाला साधारण दीड हजार मिलिमीटर पाऊस पडतो, रत्नागिरीत तीन हजारांच्या वर. तोही चार महिन्यांत, वाऱ्याबरोबर आडवा. उघड्या बाजूंच्या वर्गाला तिथे खोल पडवी लागते. विदर्भ-मराठवाड्यात उलट अडचण आहे: मार्च उजाडला की गच्ची अकरा वाजता तापते आणि अनवाणी मूल तिच्यावर पाय ठेवू शकत नाही. तिथे गच्चीपेक्षा मोठ्या झाडाखालचा पार कामाचा.

दुसरं कारण म्हणजे चाकाच्या खुर्चीवरचं मूल. आपल्या नियमांप्रमाणे उताराचा मार्ग बारास एक या प्रमाणाने काढायचा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. सात फूट उंचीचं छत आणि त्याची जाडी धरली तर वर पोचायला तीसेक मीटर लांबीचा उतार लागेल, मधे विसाव्याच्या जागा वेगळ्या. जागा असेल तर हा उतारच इमारतीतली सर्वांत मजेची गोष्ट होऊ शकतो. पण तो पहिल्या रेखाटनातच हवा. नंतर चिकटवलेला उतार मागच्या दाराशी जातो, हे आपण पुरेसं पाहिलं आहे.

आणि मग आपली मोजण्याची पद्धत. पहिली ते आठवीच्या शाळांसाठी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने जी जोडसूची दिली तिच्यात प्रत्येक शिक्षकामागे एक खोली, मैदान, कुंपण, पाणी, स्वच्छतागृहं यांची गणती आहे. ती हवीच होती. ज्या शाळांना छप्परच नव्हतं त्यांच्यासाठी ती लढाईच होती. पण एकदा गणती खोल्यांची झाली की अर्ज, अंदाजपत्रक, तपासणी, सगळं खोल्यांचंच होतं. ओसरी, पार, पायऱ्या, नळाची जागा यांना रकाना उरत नाही. बालवाडीत तर आपल्याला याच्या उलट वारसा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत काम सुरू केलं. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. पुढे कोसबादला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढल्या. माँटेसोरीचं महागडं साहित्य बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, पानं आणली. मूल जिथे आहे आणि जे करतंय तिथून सुरुवात, हेच तेझुकांनी कोट्यवधी येन खर्चून केलं. सरकारने १९७५ साली अंगणवाडी हा शब्द देशभर नेला. अंगण मात्र बऱ्याच ठिकाणी मागे राहिलं आणि एक दहा बाय पंधराची खोली पुढे गेली.

म्हणून विश्वस्तांनी फोन पुढे केला की मी आकाराबद्दल बोलत नाही, प्रश्न विचारतो. मूल वर्गातून उठून गेलं तर तुमच्या शाळेत काय होतं? गुडघा फुटला तर पालकांशी कोण बोलतं, आणि काय बोलतं? पावसात मुलं भिजली तर चालेल का? सुकायला जागा आणि जादा कपडे ठेवायला कपाट आहे का? मावशींना चिखल पुसायला लागणारा जादा वेळ पगारात धरणार का? शेवटच्या प्रश्नाला बैठकीत शांतता पसरते, पण फुजीसारखी इमारत त्याच पैशांवर चालते. उत्तरं नकारार्थी आली तर साधी, नीट हवेशीर, पडवी असलेली चौकोनी शाळा बांधावी, तिच्यात काहीही कमीपणा नाही.

उत्तरं होकारार्थी असतील तर नव्या इमारतीची वाट पाहायचीही गरज नाही. बालवाडीच्या अंगणाकडची एक पन्हळ निवडा, जिच्यावर छपराचा छोटाच भाग उतरतो अशी. तिचा खालचा पाइप मुलाच्या डोक्याच्या उंचीवर कापा, खाली घमेलंभर गोटे पसरा म्हणजे माती उडणार नाही, आणि पाणी वाहून जायला अंगणाच्या कडेने वीतभर रुंद चर काढा. प्लंबरचं अर्ध्या दिवसाचं काम. चार प्लास्टिकच्या बादल्या आणि दोन मग लागतील. कोकणात हे मोठ्या छपराच्या पन्हळीला करू नका, धार अंगावर घेण्यासारखी राहत नाही. बाकीच्या पन्हळींचे पाइप आहेत तसे राहू द्यावेत.